काळ्या ठिपक्यांची केळी

आईबाबांनो, आज तुमच्याशी बोलायचं आहे ते टोपलीत मागे राहिलेल्या फळांबद्दल. डझनभर केळी आणावीत, दोन-तीन दिवसांत त्यातली बरीचशी संपावीत आणि उरलेल्यांच्या सालीवर काळे ठिपके दिसू लागले की मुलांनी त्यांच्याकडे पाठ फिरवावी, हे घरोघरी चालतं. ‘शी, सडलंय’ म्हणून मूल मोकळं होतं. मग एक तर ते केळं आई नाहीतर आजी खाऊन टाकते, कारण अन्न टाकायला तिचा हात धजत नाही. किंवा ते आणखी चार दिवस तिथेच पडून राहतं आणि शेवटी कचऱ्यात जातं. मूल दोन्ही पाहत असतं. एकातून ते शिकतं की घरातलं उरलंसुरलं बाईमाणसाने संपवायचं असतं. दुसऱ्यातून शिकतं की रूप उतरलं की वस्तू फेकायची. हे दोन्ही धडे कुणी तोंडाने दिलेले नसतात, म्हणूनच ते फार खोल जातात.

यावर एक सोपा मार्ग आहे. ती फळं गोठवायची, त्यांची कुल्फी किंवा आइस्क्रीमसारखा गारगोड पदार्थ करायचा आणि तो मुलांच्या हाताने करून घ्यायचा. मात्र माझी एक अट आहे: मुलांपासून काही लपवायचं नाही. ‘काल तू नको म्हणालास ना, तेच हे केळं’ असं आधी सांगायचं आणि मग वाटी पुढे करायची.

ही अट मी आग्रहाने घालते आहे, कारण नेमकं उलट करायचा मोह फार होतो. पोळीत पालक दडवायचा, थालीपिठात दुधी दडवायचा, तसं आइस्क्रीमच्या नावाखाली केळं दडवायचं. पोटात गेल्याशी कारण, असं आपण स्वतःला समजावतो. पण अशाने मुलाची त्या फळाशी ओळख होतच नाही. ठिपक्यांच्या केळ्याबद्दलचा त्याचा ग्रह जसाच्या तसा राहतो, आणि कधी ना कधी खरं कळलं की ताटातल्या पुढच्या पदार्थाकडेही ते संशयाने पाहायला लागतं. याउलट, नको असलेल्या फळातूनच हवीशी गोष्ट होते हे त्याने स्वतः पाहिलं, तर आपलं मत ते स्वतःच बदलतं. आपण उपदेश करायची गरज उरत नाही.

मुलांना कारणं आवडतात. ती त्यांना द्या. केळं पिकतं म्हणजे आत काय होतं, हे चौथी-पाचवीतल्या मुलाला सहज समजतं. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. केळं पूर्ण पिकेपर्यंत त्यातला जवळजवळ सगळा स्टार्च साखरेत बदललेला असतो, उरतो तो एखाद-दोन टक्के. म्हणून हिरवट केळं तुरट आणि पिठूळ लागतं, तर ठिपक्यांचं केळं गोड आणि मऊ. हे घडवून आणणारा वायू फळ स्वतःच सोडतं, त्याचं नाव इथिलीन. आजोबा आंब्याची अढी घालायचे, गवतात दाबून ठेवायचे, तेव्हा आंब्यांनी सोडलेला हाच वायू तिथे कोंडला जायचा आणि सगळे आंबे पिकायचे. घरी करून पाहायचं असेल तर एक कच्चं केळं उघड्यावर ठेवा आणि दुसरं पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत बंद करा. पिशवीतलं आधी पिवळं होतं. आंबा, केळं, चिकू, पपई, पेरू, सीताफळ ही फळं झाडावरून उतरवल्यानंतरही पिकत राहतात. द्राक्षं, संत्री, अननस, स्ट्रॉबेरी यांचं तसं नाही. ती तोडली तेवढीच गोड राहतात, पुढे फक्त मऊ पडतात. त्यामुळे आंबट द्राक्षं ठेवून गोड होतील या आशेवर राहू नका.

आता गोठवण्याकडे येऊ. जीभ गार पडली की गोडी कमी जाणवते. वितळलेलं आइस्क्रीम अतिगोड लागतं, तेच घट्ट असताना बेताचं लागतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. म्हणजे गार पदार्थाला मुळात जास्त गोड फळ लागतं. पिवळंधमक, नीटस केळं गोठवलं तर फिकं लागेल. ठिपक्यांचं केळं गोठवलं तर वरून साखर लागत नाही. शिवाय साखर पाण्याला दगडासारखं घट्ट गोठू देत नाही, म्हणून अतिपिकल्या फळाचा गर गोठल्यावरही चमच्याला दाद देतो. एवढं कळलं की उरलेल्या फळाची कशीबशी विल्हेवाट लावतो आहोत ही भावना जाते. या कामासाठी तेच फळ योग्य आहे, ताजं फळ नव्हे.

पण अतिपिकलेलं आणि नासलेलं यांत फरक आहे, आणि तो ओळखायला शिकवणं हे मला कुल्फीपेक्षाही मोलाचं वाटतं. मुलाला टोपलीसमोर बसवा. नाकाने, बोटांनी, डोळ्यांनी फळ तपासू द्या. सालीवरचे काळे ठिपके चालतात. साल पूर्ण काळी पडली, पण सोलल्यावर गर पिवळसर आणि घट्ट आहे, वास गोड आहे, तरी चालतं. आपटल्यामुळे गराला आलेला तपकिरी डाग काढून टाकला की झालं. देठापाशी पांढरी-करडी बुरशी, पाणी सुटलेला चिकट गर, आंबूस किंवा दारूसारखा वास, यांतलं काहीही आढळलं तर ते फळ टाकायचं. तिथे जीव अडकवू नका. बुरशी आलेला तेवढा भाग कापून उरलेलं वापरावं असं आपल्याला वाटतं, पण मऊ, रसाळ फळात बुरशीचे धागे दिसतात त्याहून बरेच आत पोचलेले असतात. आणि फ्रीजरमध्ये टाकलं की जंतू मरतात, हाही गैरसमज आहे. थंडीत ते बहुतेक नुसते थबकतात, पदार्थ वितळला की पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे जे फळ तुम्ही तसंच खाणार नाही, ते गोठवूनही खाऊ नका. हापूसमध्ये आत पांढरट, पोकळ, बेचव भाग निघतो, त्याला आपण साका म्हणतो. तो काढून टाका, बाकीचा आंबा वापरा.

केळ्यापासून सुरुवात करा, कारण त्याच्यात फसायला जागा नाही. केळी आधी सोला. सालीसकट फ्रीजरमध्ये ठेवली तर साल काळीठिक्कर पडून गराला चिकटते आणि काढताना बोटं गारठतात. बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करा, स्टीलच्या ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरा आणि रात्रभर ठेवा. चकत्या करायला साधी बोथट सुरी पुरते, त्यामुळे पाच वर्षांचं मूलही हे काम करू शकतं. सकाळी त्या डब्यात भरून ठेवल्या तरी चालतील. खायच्या वेळी पाचेक मिनिटं बाहेर ठेवा आणि मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. मिक्सर मोठ्यांनीच लावायचा आणि सलग चालवायचा नाही, नाहीतर मोटर तापते. आधी भांड्यात नुसता भुगा दिसेल आणि मुलाला वाटेल, बिघडलं. थांबा, कडेचं खरवडून मध्ये ढकला, पुन्हा फिरवा. थोड्याच वेळात तो भुगा एकजीव होऊन सायीसारखा मऊ होतो. केळ्यातल्या पेक्टिनची आणि तंतूंची ही करामत आहे, त्यात दूध-साखर काही नाही. चिमूटभर मीठ आणि वेलची घाला. मिठाने गोडी खुलते. मुलांना चॉकलेटची चव हवी असेल तर चमचाभर कोको घाला, दाण्याचं कूट घातलं तरी छान लागतं.

मिक्सर लावायचा नसेल तर शिकरण गोठवा. मराठी घरात ठिपक्यांच्या केळ्यांचं शिकरण पूर्वापार होत आलं आहे, ते फक्त जरा दाट करायचं. केळी काट्याने चेपायची, तापवून गार केलेलं सायीसकट दूध, वेलची आणि लागलीच तर थोडी साखर घालून कुल्फीच्या साच्यात किंवा छोट्या स्टीलच्या वाट्यांमध्ये ओतायचं. अर्ध्या-पाऊण तासाने जरा घट्ट झालं की काडी खोचायची. काढताना वाटी क्षणभर नळाखाली धरली की कुल्फी सुटते.

चिकूचा हंगाम असेल तर चिकू घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हे फळ पिकलं की फार थोडा वेळ टिकतं, म्हणून त्याचा गर काढून ठेवावा हे उत्तम. गर, साय, किंचित जायफळ, बस्स. बिया मात्र मोजून काढा. त्यांच्या टोकाला आकडा असतो आणि तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

सीताफळावर मला जास्त बोलायचं आहे. सीताफळ पिकलं की हातात फुटतं, दुसऱ्या दिवशी त्याचं काय करावं हा प्रश्नच पडतो. बीडचं असो की पुरंदरचं, सगळ्यांची गत तीच. त्याचा गर काढणं हे वेळखाऊ काम आहे आणि म्हणूनच ते मुलांबरोबर करावं. मोठी चाळणी घ्या, खाली पातेलं, आणि हाताने किंवा लाकडी चमच्याने गर हळूहळू चोळत राहा. बिया वर राहतात, गर खाली उतरतो. दोन भावंडं समोरासमोर बसली की गप्पा होतात, भांडणंही होतात, काम मात्र होतं. घाईपायी गर बियांसकट मिक्सरमध्ये अजिबात टाकू नका. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्यांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. अख्खी बी चुकून गिळली गेली तर सहसा तशीच बाहेर पडते, धोका ती फुटण्यात आणि वाटण्यात आहे. दुसरं, हा गर शिजवू नका. तापवला की त्याला कडवट चव येते. दूध आटवायचं असेल तर ते आटवून पूर्ण गार करा आणि मगच गर मिसळून गोठवा.

आंब्याचं काय सांगू? मे महिन्याच्या अखेरीस पेटीतले शेवटचे आंबे लिबलिबीत होतात. त्यांचा रस काढा, घरच्या दह्याच्या चक्क्यात मिसळा, थोडी साखर, केशर. आम्रखंडच ते, पण गोठवलं की त्याची कुल्फीहून दाट वडी होते. पायरीचा रस यात हापूसइतकाच चांगला लागतो.

पपई, अननस आणि किवी यांची गंमत निराळी. न शिजवलेल्या या फळांत प्रथिनं फोडणारे पाचक घटक असतात, पपईतल्या घटकाला पपेन म्हणतात. ते दुधात मिसळून ठेवले की दूध फाटतं आणि कडू होतं. त्यामुळे अतिपिकलेली पपई दुधात घालू नका. तिचा गर लिंबू आणि किंचित मध घालून गोठवा. अननस दुधात हवाच असेल तर साखरेत शिजवून गार करून घ्या, उष्णतेने तो घटक निष्प्रभ होतो. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असल्याने त्याचा गर सरळ गोठवला तर बर्फाचा दगड होतो. तो पसरट डब्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडा. लिंबू आणि काळं मीठ घातलं की मुलांना आवडणारा बर्फाचा गोळा घरच्या स्वच्छ पाण्याचा, खऱ्या फळाच्या रंगाचा तयार होतो. खरवडण्याचं काम मुलांनी भांडून मागून घ्यावं असं आहे.

घरात फ्रीजर नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तरी हे जमतं. कोजागिरीला किंवा सुट्टीत भावंडं जमली की लाकडी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवलं जायचं, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. बर्फात खडे मीठ घातलं की बर्फ वितळू लागतो आणि त्या मिश्रणाचं तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं. मोठ्या पातेल्यात बर्फ आणि भरपूर खडे मीठ, त्यात मधोमध झाकणाचा स्टीलचा डबा, डब्यात गर आणि दूध. डबा फिरवत राहायचं, मध्ये मध्ये उघडून कडेचं खरवडायचं. त्या खारट बर्फात उघडा हात फार वेळ ठेवू देऊ नका, त्वचा पोळल्यासारखी होते. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा इथे हाताला लागतो.

काही काळज्या स्पष्टच सांगते. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी वरची साखर घालूच नका. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला गोठलेलं अख्खं द्राक्ष किंवा फळाचा कडक तुकडा देऊ नका, घशात अडकतो. द्राक्ष उभं चार भागांत कापूनच द्यायचं. काडीवरची कुल्फी बसून खायची, पळताना नाही. आणि थंड खाल्ल्याने सर्दी होते या भीतीबद्दल: सर्दी विषाणूंमुळे होते, कुल्फीमुळे नाही. मूल आधीच खोकत असेल, दम्याचा त्रास असेल आणि थंड खाल्ल्यावर खोकला वाढतो असं तुम्हाला दिसत असेल, तर त्या दिवशी देऊ नका. तुमच्या मुलाला तुम्ही ओळखता.

साखरेबद्दलही खरं बोलायला हवं. घरी केलं म्हणून ते औषध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, पाच टक्क्यांखाली असेल तर आणखी चांगलं. अख्ख्या फळातली साखर यात धरलेली नाही, गाळलेल्या रसातली धरलेली आहे. म्हणून फळाचा गर चोथ्यासकट वापरा, गाळून फेकू नका. लहानशी वाटी पुरे. आणि कृपा करून या वाटीचं आमिष करू नका. ‘भाजी संपवलीस तर कुल्फी’ असं एकदा म्हटलं की भाजी म्हणजे शिक्षा आणि गोड म्हणजे बक्षीस, हे समीकरण पक्कं होतं, आणि ते मोडायला पुढे वर्षं जातात. कुल्फी झाली आहे, सगळे बसून खाऊ या, एवढंच पुरेसं आहे.

दुकानातलं आइस्क्रीम कधीच आणू नका असं मी म्हणणार नाही. फक्त मुलाला वेष्टन वाचायला लावा. आपल्याकडच्या नियमांनुसार आइस्क्रीममध्ये किमान दहा टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो. ज्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असतं त्यात वनस्पतीची चरबी वापरलेली असते. ज्या मुलाने घरी साय आणि चिकू मिसळला आहे, ते घटकांची ती बारीक अक्षरातली यादी आपणहून वाचतं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली काढलेल्या अहवालात, जगात २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे साठ टक्के घरांमधून गेलं, असं म्हटलं आहे. मुलांना असे आकडे समजत नाहीत. त्यांना जळगावबद्दल सांगा. रावेर-यावलच्या तापलेल्या रानात केळीचं खोड लावल्यापासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष जातं. तेवढे दिवस त्याला पाणी द्यायचं, उन्हाळ्यातल्या झळा आणि वादळी वाऱ्यापासून बागेला जपायचं, घडाचं वजन पेलावं म्हणून आधार द्यायचा. मग ती केळी ट्रकने तुमच्या कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत येतात. संध्याकाळी गाडी आवरताना ठिपक्यांची फणी मागे राहते आणि गाडीवाला ती कमी भावात द्यायला तयार असतो. मुलाला बरोबर घेऊन तीच फणी विकत घ्या, आणि ‘आम्हाला अशीच हवीत’ हे त्यालाच बोलू द्या.

गराचे डबे भरले की झाकण घट्ट लावा, फळाचं नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी मुलाच्या हाताने चिकटवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. वीज गेल्यामुळे दुधाची कुल्फी पूर्ण वितळून कोमट झाली, तर ती पुन्हा गोठवू नका. ओट्यावर गर सांडेल, शर्टावर चिकूचे डाग पडतील, पहिली कुल्फी कदाचित काडीवरून गळून पडेल. तरी हात त्यांचेच लागू द्या. येत्या रविवारी दुपारी तासभर मोकळा ठेवा आणि सुरुवात केळ्यानेच करा.